ज्या पद्धतीचा धोका सांगितला, त्याच पद्धतीचे जनक ठरले : विन्स्टन रॉइस यांची गोष्ट

भंडाऱ्यात पॉलिटेक्निक करणारा पोरगा असो किंवा नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणारी पोरगी, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात एक आकृती प्रत्येकाने काढलेली असते. डावीकडून उजवीकडे पायरीपायरीने उतरत जाणारे पाच-सात चौकोन. आधी गरजा लिहून घ्या, मग डिझाईन, मग कोडिंग, मग टेस्टिंग, मग वस्तू ग्राहकाच्या हातात. एक पायरी संपली की पुढची, मागे वळून बघायचं नाही. पाणी वरून खाली पडतं तसं, म्हणून नाव वॉटरफॉल मॉडेल. आकृतीखाली एक ओळ लिहायची, हे मॉडेल १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी मांडलं. झालं, मार्क खिशात.

पुढे हीच मुलं नागपूरच्या मिहानमध्ये नाहीतर पुण्याच्या हिंजवडीत नोकरीला लागतात. तिथे रोज सकाळी उभ्या-उभ्या दहा मिनिटांची मीटिंग असते, दर दोन आठवड्यांनी थोडं-थोडं काम पूर्ण करून दाखवायचं असतं. याला म्हणतात अजाइल. ट्रेनिंगमध्ये सांगितलं जातं की वॉटरफॉल म्हणजे जुनाट आणि अजाइल म्हणजे आजचं. मग ज्या माणसाचं नाव परीक्षेत जनक म्हणून लिहिलं, तोच इथे येऊन खलनायक होतो.

आता खरी गोष्ट ऐका. रॉइस यांनी ती आकृती काढली हे खरं आहे. पण ती काढल्यावर लगेच पुढे त्यांनी लिहिलं होतं, की अशा सरळ पद्धतीने काम केलं तर ते धोक्याचं आहे आणि फसण्याचीच शक्यता जास्त. लेखाची उरलेली पानं त्यांनी हा धोका कसा टाळायचा हे सांगण्यात खर्च केली. जगाने आकृती उचलली आणि खालचा मजकूर तिथेच सोडला.

हा वाद नेमका काय आहे, हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. भंडारा जिल्ह्यात तो पाण्यात दिसतो.

हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी इथे आणि शेजारच्या गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भागात हजारो तलाव बांधले. पुढे मालगुजारांकडे मालकी गेली म्हणून मालगुजारी तलाव, आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले मामा तलाव. हे तलाव कुणी एका बैठकीत, एका नकाशावर आखले नाहीत. उताराची जागा बघून पाळ घातली. पावसाळा गेला, पाणी कुठपर्यंत आलं ते कळलं, कुठली बांधी भिजली आणि कुठली कोरडी राहिली ते कळलं. मग पाळ वाढवली, खाली दुसरा तलाव काढला, वरच्याचं जादा पाणी त्यात सोडलं. दरवर्षी निसर्ग परीक्षा घ्यायचा आणि दरवर्षी दुरुस्ती व्हायची.

त्याच जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसेखुर्द आहे. तेहतीस दरवाजांचं धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा कागदावरचा खर्च होता ३७२ कोटी. पुढे तो सुधारित होत-होत १८ हजार कोटींच्या वर गेला. याची कारणं अनेक आहेत, भूसंपादन, पुनर्वसन, वाढत्या किमती, रखडलेले कालवे. सगळा दोष आखणीच्या पद्धतीवर टाकणं बरोबर होणार नाही. पण पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेला आकडा आणि काम करताना समोर आलेलं वास्तव यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको. आणि दुसरी बाजूही आहे. धरण थोडं-थोडं बांधून बघता येत नाही. अर्धं धरण पाणी अडवत नाही. तिथे आधी मोजमाप, आधी नकाशा, आधी हिशोब लागतोच.

थोडं-थोडं करत शिकायचं की आधी सगळं आखून एकदाच करायचं? सॉफ्टवेअरच्या जगात हा प्रश्न आला तेव्हा त्याच्या बरोबर मध्यभागी रॉइस उभे होते.

विन्स्टन वॉकर रॉइस यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२९ चा, अमेरिकेतला. तेव्हा कॉम्प्युटर नावाचं यंत्रच नव्हतं, त्यामुळे सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं स्वप्न वगैरे भानगड नाही. ते शिकले भौतिकशास्त्र, मग विमानशास्त्र. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे प्रसिद्ध कॅलटेकमधून १९५९ साली त्यांनी एरोनॉटिक्समध्ये पीएचडी केली. काही काळ तिथेच असिस्टंट प्रोफेसर म्हणून शिकवलं.

पण काळ प्राध्यापकीचा नव्हता. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिकेची झोप उडाली होती. १९६१ च्या मे महिन्यात केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवायची घोषणा केली. त्याच वर्षी रॉइस टीआरडब्ल्यू या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून दाखल झाले. कंपनी क्षेपणास्त्रं आणि अंतराळयानांच्या कामातली. चंद्रावर उतरलेल्या यानाला अलगद खाली आणणारं इंजिन याच टीआरडब्ल्यूने बनवलं होतं.

रॉइस यांच्या वाट्याला आलं यानांचं सॉफ्टवेअर. यान कुठल्या दिवशी काय करणार याचं नियोजन, त्याला पृथ्वीवरून द्यायच्या आज्ञा, आणि उड्डाण संपल्यावर आलेल्या माहितीचं विश्लेषण. आज मोबाईलमध्ये ॲप बिघडलं तर रात्री अपडेट येतो. तिथे तसं नव्हतं. लाखो किलोमीटर दूर गेलेल्या यानाला चुकीची आज्ञा गेली, त्याचा ॲंटेना भलतीकडे वळला, की विषय संपला. दुरुस्तीला कोण जाणार?

चूक किती लहान असू शकते याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. २२ जुलै १९६२ ला मरिनर १ हे शुक्राकडे निघालेलं यान उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आतच हवेत नष्ट करावं लागलं. मार्गदर्शनाच्या समीकरणात एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती. हे काम रॉइस यांचं नव्हतं, पण त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही रेघ माहीत होती.

त्यात कॉम्प्युटरची अवस्था बघा. खोलीभर यंत्र, प्रोग्राम कार्डांना भोकं पाडून लिहायचा, कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. मशीनचा तास माणसाच्या तासापेक्षा महाग. अशा वेळी आधी कागदावर नीट विचार करा, मग कोड लिहा, हा सल्ला म्हणजे हट्ट नव्हता. तो साधा व्यवहार होता. आज ज्यांना जुन्या लोकांच्या कागदपत्रांवर हसू येतं त्यांनी ही कार्डं एकदा आठवावीत.

त्याच सुमारास सॉफ्टवेअरची कामं सगळीकडेच फसत होती. वेळ दुप्पट, खर्च दुप्पट, आणि हातात येणारी वस्तू अर्धवट. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावात नाटोने या विषयावर परिषदच भरवली. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा शब्द तिथून रूढ झाला. म्हणजे पूल बांधायला जसं शास्त्र आहे तसं सॉफ्टवेअर बांधायलाही हवं, अशी ओढ होती. पण ते शास्त्र कुणाकडे तयार नव्हतं.

१९७० चा ऑगस्ट. लॉस एंजेलिसमध्ये वेस्कॉन नावाचं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं मोठं प्रदर्शन आणि परिषद होती. तिथे एक्केचाळीस वर्षांच्या रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर कामांचं व्यवस्थापन या विषयावर एक लेख मांडला. दहा-अकरा पानांचा. त्यात गणित नाही, सिद्धांत नाही. नऊ वर्षं यानांच्या कामात काय बघितलं, काय भोगलं, त्याचा अनुभव.

सुरुवात अगदी सोपी. प्रोग्राम लहान असेल आणि बनवणाराच तो वापरणार असेल, तर दोनच पायऱ्या पुरतात, विचार करा आणि कोड लिहा. बाकी सगळा खटाटोप कशाला? पण काम मोठं असेल तर याने भागत नाही. मग त्यांनी सात पायऱ्यांची आकृती काढली. पूर्ण यंत्रणेच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, डिझाईन, कोडिंग, टेस्टिंग, आणि प्रत्यक्ष वापर. हीच ती परीक्षेतली आकृती. लेखात तिला वॉटरफॉल हे नाव कुठेही नाही.

आणि इथेच ते थांबून सांगतात की गडबड कुठे आहे. टेस्टिंग येतं शेवटी. प्रोग्राम वेळेत चालतो का, मेमरीत मावतो का, माहितीची ये-जा नीट होते का, हे कागदावर कितीही मांडा, खरं कळतं ते टेस्टिंगलाच. आणि तिथे काही चुकलं तर ते एखादी ओळ बदलून सुटत नाही. डिझाईन बदलावं लागतं, कधीकधी मूळ गरजाच बदलाव्या लागतात. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. वेळ आणि खर्च दुपटीपर्यंत जाऊ शकतो असा त्यांचा अंदाज होता. एक पायरी चुकली तर फक्त आदल्या पायरीपर्यंत मागे जावं लागेल अशी सगळ्यांना आशा असते, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही, हेही त्यांनी आकृती काढून दाखवलं.

मग उपाय काय? त्यांनी पाच सांगितले. त्यातले तीन जास्त महत्त्वाचे.

पहिला, काम दोनदा करा. एखादं सॉफ्टवेअर नव्यानेच बनत असेल, आधी तसं कुणी केलेलं नसेल, तर ग्राहकाला द्यायची आवृत्ती ही दुसरी असली पाहिजे. तीस महिन्यांचं काम असेल तर त्यातले दहा महिने एक छोटा नमुना बनवण्यात घालवा. जिथे अडचण येईल असं वाटतं तिथे हात घाला, सोप्या भागाला सोडून द्या. शिकायचं ते तिथे शिका आणि मग खरं काम करा. पाच वर्षांनी, १९७५ साली, फ्रेड ब्रुक्स यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात जवळपास हेच सांगितलं आणि ते जगभर पोहोचलं. रॉइस यांचं हे म्हणणं मात्र परीक्षेच्या उत्तरात येत नाही.

दुसरा उपाय, ग्राहकाला कामात ओढा. सुरुवातीला गरजा लिहून घेतल्या आणि शेवटी वस्तू दिली, मधल्या काळात ठेकेदार मोकळा, असं केलं की भांडण ठरलेलं. म्हणून मध्येमध्ये औपचारिक बैठका ठेवा, ग्राहकाला दाखवा, त्याची मान्यता घ्या. घर बांधणाऱ्या कुणालाही हे पटेल. स्लॅब पडल्यावर खिडकीची जागा बदला म्हणणारा मालक प्रत्येक गवंड्याने पाहिलेला असतो.

तिसरा उपाय मात्र अजाइलवाल्यांना आवडणारा नाही. कागद लिहा, भरपूर लिहा. पन्नास लाख डॉलरचं यंत्र विकत घ्यायला तीस पानांचं वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीचं सॉफ्टवेअर घ्यायला दीड हजार पानं लागतील, असा त्यांचा हिशोब होता. कागदपत्रांची अवस्था वाईट असेल तर सगळ्यात आधी मॅनेजर बदला, इथपर्यंत त्यांची मजल होती. कारण त्यांनी बघितलं होतं की डिझाईन तोंडी ठेवलं की काम नेहमी नव्वद टक्के झालेलं असतं. या महिन्यात नव्वद, पुढच्या महिन्यात पण नव्वद.

उरलेले दोन उपाय म्हणजे, विश्लेषणाच्या आधीच डिझाईनचा एक कच्चा आराखडा मांडा, आणि टेस्टिंग दुसऱ्याच माणसांकडून करून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, दुसऱ्याने नुसतं वाचलं तरी निम्मं काम होतं.

म्हणजे रॉइस यांना अजाइलचे छुपे पुरस्कर्ते ठरवणंही चूकच. दीड हजार पानं मागणारा माणूस दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसत नाही. त्यांचा भर होता तो काम फसण्याची जागा लवकर शोधण्यावर. त्यासाठी नमुना लागला तर नमुना, कागद लागला तर कागद, ग्राहक लागला तर ग्राहक.

इथे थोडं थांबून भंडाऱ्यात येऊ, कारण कुठली पद्धत निवडायची या प्रश्नाचं उत्तर रॉइस यांच्या या विचारातच सापडतं.

समजा तुमसरच्या एका राईस मिलवाल्याला सॉफ्टवेअर हवंय. किती धान आलं, किती भरडाई झाली, किती तांदूळ गेला, सरकारकडून किती पैसे यायचे. त्याला विचारलं की नेमकं काय-काय पाहिजे, तर तो अर्धंच सांगेल. तो लपवत नाही, त्याला स्वतःलाच स्क्रीन बघितल्याशिवाय कळणार नाही. त्यात भरडाईचे नियम आणि दर हंगामागणिक बदलू शकतात. इथे सहा महिने बसून गरजांचं पुस्तक लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पहिल्या पंधरा दिवसांत फक्त धानाच्या आवक-नोंदीचं पान बनवा, त्याच्या मुनीमजींना वापरू द्या, त्यांच्या शिव्या खा, मग पुढचं पान. चूक झाली तर नुकसान काय, एका दिवसाचा हिशोब पुन्हा करावा लागेल. याला म्हणतात अजाइल.

आता दुसरं काम घ्या. धरणाचे दरवाजे किती उघडायचे हे सांगणारं सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरलं होतं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. अशा कामात नदीकाठच्या गावांवर प्रयोग करून शिकता येत नाही. पाण्याची पातळी, दरवाजाची उंची, विसर्ग, यांचे नियम आधी ठरलेले असतात आणि ते दर पंधरा दिवसांनी बदलत नाहीत. तिथे सगळं लिहून काढा, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, खोट्या आकड्यांवर शंभर वेळा चालवून बघा, आणि मगच जोडा. इथे रॉइस यांची दीड हजार पानं कामाची.

म्हणजे बघायचं असतं ते एवढंच. गरजा आधी कळू शकतात का, पुढे किती बदलणार, आणि चूक झाली तर किंमत कोण मोजणार. बहुतेक कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि एकाच कामाचे दोन भाग दोन पद्धतींनी करायलाही हरकत नसते. धानाचा शेतकरी हेच करतो. पाण्याची खात्री असलेल्या बांधीत रोवणी, वरच्या भरवशाच्या नसलेल्या बांधीत आवत्या. रोवणीला आधी नर्सरी, मजूर, चिखलणी, सगळा खर्च, पण पाणी असेल तर पीक चांगलं. आवत्यात खर्च कमी आणि पाऊस लांबला तरी निभावतं. आवत्या जुनं आणि रोवणी नवी असा वाद बांधावर कुणी घालत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगाने मात्र तो घातला, आणि त्याची सुरुवात रॉइस यांच्या आकृतीने झाली.

१९७६ साली टीआरडब्ल्यूच्याच बेल आणि थेयर या दोघांनी एका लेखात रॉइस यांच्या आकृतीचा उल्लेख करताना वॉटरफॉल हा शब्द वापरला. नाव चिकटलं. आणि ही आकृती मॅनेजर लोकांना आवडण्यासारखीच होती. पायरी संपली की सही, सही झाली की बिल. किती काम झालं हे साहेबांना एका पानावर दाखवता येतं. करार लिहायला सोपं, ऑडिटला सोपं. लेखातली शेवटची आकृती, ज्यात पाचही उपाय घालून रॉइस यांनी आपली खरी पद्धत दाखवली होती, ती इतकी किचकट आहे की फळ्यावर काढायला कुणी धजणार नाही. साधी आकृती जिंकली.

मग सरकार उतरलं. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी २१६७ क्रमांकाचं मानक आणलं. ठेकेदारांनी ते वाचलं ते असं की सगळं क्रमाने करायचं, आधी सगळे कागद, मग सगळं डिझाईन, मग सगळा कोड. जगातला सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा ग्राहकच असं मागू लागल्यावर बाकीच्यांनी तेच उचललं. ब्रिटनच्या सरकारी कामातही अशीच पायरीपायरीची पद्धत आली. पाठ्यपुस्तकं त्याच काळात लिहिली जात होती, त्यांत ही आकृती पहिल्या प्रकरणांत गेली, आणि तिथून ती फिरत-फिरत भंडाऱ्याच्या वर्गापर्यंत आली.

या सगळ्या काळात रॉइस जिवंत होते, कामात होते. ते पुढे लॉकहीड या विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या मोठ्या कंपनीत गेले आणि टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तिच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी सेंटरचे संचालक झाले. १९८५ साली, म्हणजे ज्या वर्षी ते मानक आलं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या एरोनॉटिक्सच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांना माहिती यंत्रणांमधल्या कामासाठी पुरस्कार दिला.

चूक लक्षात यायला सुरुवात झाली १९८७ पासून. त्या वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका समितीने, जिचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स होते, सरळ क्रमाची पद्धत सोडून थोडं-थोडं बनवत, वापरून बघत पुढे जा असं सुचवलं. त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय परिषदेत रॉइस यांचा १९७० चा लेख पुन्हा छापला गेला. तो पुढे आणला बॅरी बोहम यांनी. तेही टीआरडब्ल्यूचेच. सतरा वर्षं लोक ज्या लेखाचं नाव घेत होते तो अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा वाचला असावा. पुढच्या वर्षी बोहम यांचं स्पायरल मॉडेल गाजलं, ज्यात प्रत्येक फेरीत आधी धोका शोधायचा आणि मग पुढे जायचं. रॉइस यांच्या विचाराशी याचं नातं सरळ आहे.

घरातही एक गंमत चालू होती. रॉइस यांचे थोरले चिरंजीव वॉकर रॉइस बापाच्याच जुन्या कंपनीत, टीआरडब्ल्यूत, काम करत होते. त्यांच्याकडे अमेरिकी हवाई दलासाठी क्षेपणास्त्र हल्ल्याची आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर होतं. काम अत्यंत नाजूक, नियम सगळे सरकारी, मानक तेच २१६७ च्या घराण्यातलं. तरी त्यांनी ते टप्प्याटप्प्याने, चालती आवृत्ती दाखवत-दाखवत केलं. १९९८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या कामाची तपशीलवार हकिगत लिहिली आणि ते पुस्तक वडिलांना अर्पण केलं. पुढे आयबीएममध्ये ते या विषयातले मोठे नाव झाले.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुनं मानक बाजूला करून नवं आणलं ते १९९४ च्या डिसेंबरमध्ये. त्यात थोडं-थोडं बनवत जायला स्पष्ट जागा होती. रॉइस त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ७ जून १९९५ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं पासष्ट.

चार महिन्यांनी, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये, ऑस्टिनमध्येच एक मोठी संगणक परिषद भरली. रॉइस यांनी जिथे काम केलं तेच शहर. तिथे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी स्क्रम नावाची पद्धत जगापुढे मांडली, तीच रोज सकाळच्या उभ्या मीटिंगवाली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात बर्फात स्किइंगच्या एका ठिकाणी सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. त्या प्रवाहाने आपला विरोधक म्हणून वॉटरफॉल निवडला, आणि वॉटरफॉलसोबत रॉइस यांचं नाव आलंच.

२००३ साली क्रेग लारमन आणि व्हिक्टर बासिली या दोघांनी जुनी कागदपत्रं उकरून थोडं-थोडं बनवत जायच्या पद्धतीचा इतिहास लिहिला. त्यात निघालं की ही पद्धत अजिबात नवी नाही. अमेरिकेचा पहिला माणूस अंतराळात पाठवणाऱ्या मर्क्युरी प्रकल्पात १९६० च्या सुमारास अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं जात होतं. त्याच लेखात वॉकर रॉइस यांनी वडिलांविषयी सांगितलेली माहितीही आहे. ते कायम टप्प्याटप्प्याने काम वाढवत नेण्याच्या बाजूचे होते, आणि १९७० च्या लेखातली सरळ आकृती त्यांनी सगळ्यात साधं वर्णन म्हणून दिली होती, अगदी सोपी कामं सोडली तर ती चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

लेख आजही इंटरनेटवर सहज मिळतो. त्यातली दोन नंबरची आकृती परीक्षेला येते. पाचही उपाय एकत्र दाखवणारी आकृती आहे शेवटची, दहा नंबरची.